नाताळच्या कुकीज सजवायला जर्मन सुपरमार्केटातून काय आणावं: माझा रिव्ह्यू

नोव्हेंबर लागला की इथं स्टुटगार्टच्या आसपास कुठल्याही दुकानात जा, एडेका असो, रेवे असो, लिडल किंवा आल्डी, बेकिंगच्या सामानाचा वेगळा स्टँड लागलेला असतो, त्यावर रंगीत साखरगोळ्या, चांदीचे मणी, साखरेचे डोळे, लिहायच्या ट्यूबा, तयार आयसिंग असं सगळं, आणि पोरं बरोबर असतील तर तिथून काहीच न घेता पुढं जाणं अवघड. भारतातून नवीन आलेल्या मैत्रिणी दर वर्षी विचारतात की ताई, किटात म्हणजे मुलांच्या बालवाडीत कुकीज न्यायच्यात, सजवायला नेमकं काय घेऊ, इतकं सगळं बघून डोकं चालत नाही. म्हणून यातलं जे जे मी वापरलंय त्याबद्दल नीट लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते, सजावट अशी पाहिजे की ती लावल्यामुळं कुकी आणखी चविष्ट झाली पाहिजे. जी सजावट खाताना दाताखाली नुसती कडकड वाजते आणि मुलं ती बोटानं काढून बाजूला ठेवतात तिच्यावर पैसे घालू नका. जर्मन आज्या वर्षानुवर्षं जे करतात ते साधंच असतं, पण दिसतंही सुंदर आणि लागतंही सुंदर.

सगळ्यात कामाची वस्तू पुडरत्सुकर. आपली पिठीसाखरच, पण दळण अगदी बारीक. २५० ग्रॅमचं पाकीट मिळतं, ज़्युडत्सुकरचं घ्या किंवा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं स्वस्तातलं घ्या, मी दोन्ही वापरते, सजावटीत काही फरक जाणवत नाही. घरी मिक्सरमधे फिरवलेली साखर मात्र याला चालत नाही, कितीही चाळली तरी बारीक कणी राहतेच आणि ती बरोब्बर कोनाच्या टोकाला अडकते, मग जोर लावला की एकदम भसकन सगळं बाहेर येतं. पाचपैकी पाच, आणि एक नाही तीन पाकिटं आणा, डिसेंबरात पुरतात.

हिचा सगळ्यात सोपा उपयोग म्हणजे नुसती चाळणीनं भुरभुरवायची. श्पिट्सबूबेन नावाच्या कुकीज असतात, दोन गोल, वरच्याला मधे भोक किंवा चांदणी कापलेली, आत लाल योहानिसबेरन म्हणजे रेडकरंटचा जेली जॅम. यात युक्ती एवढीच की वरची चकती वेगळी ठेवून तिच्यावर साखर भुरभुरवायची आणि मग ती जॅम लावलेल्या चकतीवर ठेवायची, म्हणजे कडा पांढरीशुभ्र आणि मधला जॅम लाल चकचकीत. आधी जोडून मग साखर टाकली तर जॅमवरही साखर पडते आणि तो लाल रंग मळकट दिसतो. जॅम थोडा गरम करून हलवून घ्या, मऊ होतो, छान पसरतो. या कुकीजना रंग नको, मणी नको, काही नको. व्हानिलेकिपफेर्ल म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या बदामाच्या कुकीज, त्या भट्टीतून काढल्यावर दोनतीन मिनिटं थांबून कोमट असतानाच व्हॅनिलाच्या पिठीसाखरेत घोळवायच्या. अगदी गरम असताना हात लावला तर तुटतात आणि पार गार झाल्या तर साखर धरत नाही, त्यामुळं मधली वेळ साधावी लागते.

अजून एक आयडिया आपल्याकडचीच. रांगोळीची प्लास्टिकची जाळी असते ना, कमळ नाहीतर वेल असलेली छोटी, त्यातली एक कोरी नवीन खाण्याच्या कामासाठी वेगळी ठेवायची, गार झालेल्या कोको कुकीवर ती ठेवायची आणि वरून पुडरत्सुकर चाळायची, जाळी अलगद सरळ वर उचलायची. काळ्या कुकीवर पांढरी नक्षी, बघणारे विचारतात कुठून आणल्या. फक्त हे वाढायच्या आधी करा, साखर ओलावा धरते आणि डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी नक्षी पुसट होते.

आता आयसिंग. यासाठी तयार पाकीट घ्यायची अजिबात गरज नाही. २५० ग्रॅम पुडरत्सुकर चाळून घ्या, त्यात तीन मोठे चमचे लिंबाचा रस, बस. रस एकदम ओतू नका, दोन चमचे घाला, हलवा, सुरुवातीला वाटतं हे कधी एकजीव होणार, पण होतं, मग उरलेला थेंबाथेंबानं. कडेची रेघ काढायला घट्ट ठेवायचं आणि आतली जागा भरायला त्यातलंच थोडं काढून रसाच्या थेंबांनी पातळ करायचं. पातळ किती, तर चमच्यानं वरून रेघ सोडली की ती पंधरावीस सेकंदांत पृष्ठभागात मिटून गेली पाहिजे. लगेच मिटली तर कडेवरून खाली ओघळणार, मिटलीच नाही तर खडबडीत दिसणार. लिंबानं साखरेचा गोडमिट्टपणा कापला जातो म्हणून पाणी नको, लिंबूच घ्या. आणि हे बिनअंड्याचं आहे त्यामुळं घरात कोणी अंडं खात नसेल तरी प्रश्न नाही.

बारीक लेससारखी नक्षी हवी असेल, उभी राहणारी, तर मग रॉयल आयसिंग लागतं, एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ते २५० ग्रॅम पुडरत्सुकर आणि लिंबाचे दोनचार थेंब, चांगलं फेटून. ते वाळून एकदम कडक होतं. पण त्यात अंडं कच्चं राहतं, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, म्हणून लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर पाश्चराइज केलेला पांढरा भाग वापरा किंवा पावडरवाला. किटात न्यायचं असेल तर कच्चं अंडं नकोच.

पाइपिंग बॅग, नोझलचा सेट वगैरे साध्या कुकीजना लागत नाही. बेकिंग पेपरचा त्रिकोण कापा आणि मेंदीचा कोन वळतो तसाच वळा, आपल्या हाताला ती सवय असतेच, टोक कात्रीनं अगदी बारीक कापा. माझ्या शेजारच्या जर्मन काकूंनी हा कोन वळताना बघितला आणि त्यांच्या सगळ्या मैत्रिणींना दाखवायला लावला. फ्रीझरच्या पिशवीचा कोपरा कापूनही चालतं पण रेघ थोडी जाड येते.

याउलट त्या छोट्या छोट्या रंगीत ट्यूबा, झुकरश्रिफ्ट म्हणतात, चारपाच रंगांचं पाकीट. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही, मी वेगवेगळ्या वापरल्यात आणि अनुभव सारखाच. आधी कोमट पाण्यात ठेवून, मळून मऊ करावं लागतं, मुलांच्या हातानं दाबल्या जात नाहीत, रेघ जाड येते, आणि वरून वाळल्यासारखं वाटतं पण डब्यात एकावर एक ठेवलं की चिकटतं. केकवर एखादं नाव लिहायला ठीक आहे, ट्रेभर कुकीजसाठी नको. पाचपैकी दोन, ते पण मुलांना रंग निवडायला मजा येते म्हणून.

रंगीत साखरगोळ्या आणि मणी यावर जरा जास्त लिहिते कारण यात आपल्या लोकांनी बघायला पाहिजे अशा गोष्टी आहेत. शाकाहारी असाल तर पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचाच. ई १२० लिहिलं असेल तर तो कार्माइन, कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग. ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्यापासून येणारी लाख, आपल्या लाखेच्या बांगड्यांची तीच, चकाकी यायला गोळ्यांवर तिचा थर देतात. ई ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण. यातलं काही नको असेल तर व्हेगन लिहिलेलं पाकीट शोधा, त्यात बहुतेक ई ९०३ म्हणजे कार्नाउबा मेण असतं, ते एका पामच्या पानांवरचं. जैन मैत्रीण जेवायला येणार असेल तर हे आधी बघून ठेवलेलं बरं, नंतर कळलं की तिलाही वाईट वाटतं आणि आपल्यालाही.

दुसरं म्हणजे पांढरा रंग. टायटॅनियम डायऑक्साइड, ई १७१, हे युरोपियन युनियननं २०२२ मधे खाण्यात वापरायला बंद केलं. त्यामुळं आता इथल्या साखरगोळ्यांचा पांढरा पूर्वीसारखा खडूसारखा पांढरा नसतो, जरा दुधी असतो. जुन्या फोटोंसारखा रंग येत नाही म्हणून पाकीट खराब आहे असं समजू नका. टारट्राझिनसारखे काही ठरावीक कृत्रिम रंग असतील तर मुलांच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो अशी ओळ पाकिटावर छापणं २०१० पासून सक्तीचं आहे, त्यामुळं सुपरमार्केटातल्या बऱ्याच कंपन्या आता बीट, गाजर, करडई, स्पिरुलिना यांचे रंग वापरतात. मला हे फार आवडतं. पण ते रंग कसे वागतात ते माहीत पाहिजे. स्पिरुलिनाचा निळा लिंबाच्या रसात फिका पडतो, म्हणून निळं आयसिंग करायचं असेल तेव्हा लिंबाऐवजी पाणी किंवा दूध घ्या. बीटाचा गुलाबी भट्टीच्या उष्णतेत तपकिरी होतो, म्हणून तो पिठात घालू नका, नंतरच्या आयसिंगमधे घाला. मी तर आता रंगाची बाटली घेतच नाही, गुलाबीसाठी डीएम नावाच्या दुकानात सुकवलेल्या हिंबेरन म्हणजे रासबेरी मिळतात त्या मिक्सरला फिरवून बिया चाळून टाकते, एक चमचा पावडर आयसिंगमधे, रंग सुरेख आणि आंबटगोड चव. पिवळ्यासाठी चिमटीच्या टोकाइतकी हळद, लिंबाच्या वासात तिचा वास कळत नाही. हिरव्यासाठी बिनमिठाचे पिस्ते बारीक चिरून ओल्या आयसिंगवर टाकायचे. एवढ्यात सगळे रंग झाले.

गोळ्यांमधे एका प्रकाराबद्दल मला मनापासून प्रेम आहे, लीबसपेर्लेन. ग्योर्लित्स गावातल्या होइनकिस यांच्या कारखान्यात १९०८ च्या सुमाराला सुरू झालेल्या रंगीत गोळ्या, लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीसारख्या छोट्या बाटलीत मिळतात. कुकीच्या मधोमध एकच गोळी, आयसिंग ओलं असताना. दिसायला गोड आणि मुलं त्या खातातही. चांदीचे मणी मात्र नकोच, दाताला फार कडक, लहान मुलांना तर देऊच नका.

हागेलत्सुकर ही अजून एक भारी वस्तू आणि आपले लोक तिच्याकडं बघतच नाहीत. गारांसारख्या पांढऱ्या साखरेचे मोठे कण, भट्टीत वितळत नाहीत. कुकी कापून ट्रेवर ठेवली की वरून ब्रशनं दूध लावायचं, अंडं चालत असेल तर पिवळा बलक आणि थोडं दूध, त्यावर हागेलत्सुकर आणि बदामाचे काप, आणि भाजायला टाकायचं. भाजून आली की सजावट झालेलीच असते, वाळायची वाट बघणं नाही, चिकटणं नाही. नोकरी करून संध्याकाळी बेक करणाऱ्यांसाठी यापेक्षा सोपं काही नाही. याला पीठ साधं एक-दोन-तीनचं, १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम ४०५ नंबरचा म्हणजे इथला साधा मैदा, त्यातही अंडं नाही. पीठ फ्रिजमधे तासभर ठेवून मग लाटा, नाहीतर आकार पसरतो आणि पसरलेल्या चांदणीवर कितीही नक्षी काढली तरी ती चांदणी दिसत नाही.

चॉकलेटबद्दल माझं ठाम मत आहे. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, एक कुव्हर्ट्युअर म्हणजे लेपासाठीचं खरं चॉकलेट आणि एक कोकोवाली फेटग्लाझूर म्हणजे दुसऱ्या फॅटचा तयार लेप. दुसरी सोपी, वितळवा आणि बुडवा, चकाकी आपोआप येते, कारण तिच्यात कोकोआ बटरच्या जागी पाम किंवा खोबऱ्याचं फॅट असतं. पण तोंडात टाळूला मेणासारखा थर बसतो. डार्क कुव्हर्ट्युअरमधे कायद्यानं किमान ३१ टक्के कोकोआ बटर असावंच लागतं आणि ते चवीत कळतं. थोडी मेहनत आहे, डार्क असेल तर दोन तृतीयांश ४५ डिग्रीपर्यंत वितळवा, उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून त्यात टाकून हलवत हलवत २८ च्या आसपास आणा, परत किंचित गरम करून ३१-३२ वर वापरा. साधा किचन थर्मामीटर पुरतो. हे न करता नुसतं वितळवून बुडवलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट डाग येतात, खायला हरकत नसते पण पाहुण्यांपुढं ठेवायला बरं वाटत नाही. एवढं करायचंच नसेल तर कुव्हर्ट्युअरमधे चमचाभर खोबरेल तेल घाला, खायचं हं, आणि कुकीज थंड खोलीत ठेवा.

आणि हे चॉकलेट लावायचं कशाला, तर श्प्रिट्सगेबेक नावाच्या दाबून पाडलेल्या कुकीजना, आणि इथं आपला चकलीचा सोऱ्या कामाला येतो. जर्मन लोक हे पीठ मीट ग्राइंडरला पुढं पट्टी लावून किंवा प्रेसमधून काढतात. आपल्याकडं सोऱ्या असताना वेगळा प्रेस विकत घ्यायचाच कशाला. २५० ग्रॅम मऊ लोणी, १२५ ग्रॅम पुडरत्सुकर, एक अंडं, चिमूटभर मीठ, ३५० ग्रॅम मैदा. चकलीची चांदणीची ताटली घालायची, बोटभर लांबीच्या कांड्या पाडायच्या किंवा इंग्रजी एस सारख्या वळवायच्या, १८० डिग्रीला दहा-बारा मिनिटं. पीठ फ्रिजमधे अजिबात ठेवायचं नाही, घट्ट झालं तर सोऱ्या फिरत नाही आणि हात दुखतात. रेघांची नक्षी तर सोऱ्याच पाडतो, मग गार झाल्यावर एक टोक चॉकलेटमधे बुडवायचं, हवं तर त्यावर चिरलेले पिस्ते. माझ्या लेखी नाताळच्या सगळ्या सजावटीत ही पहिल्या नंबरची. दिवाळीला काढलेला सोऱ्या आमच्याकडं आता डिसेंबर संपेपर्यंत वरच्या कपाटात जात नाही. करंजीचं कातणही बाहेर ठेवा, लाटलेलं पीठ त्यानं कापलं की नागमोडी कडा येतात, त्यासाठी वेगळा साचा लागत नाही.

त्सिम्टश्टेर्न, म्हणजे दालचिनीच्या चांदण्या, याची सजावट तर पिठातूनच निघते. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटायची, त्यातले तीनचार चमचे बाजूला काढून ठेवायचे, उरलेल्यात बदामाची पूड आणि दालचिनी, सेंटिमीटरभर जाड लाटून चांदण्या कापायच्या आणि बाजूला ठेवलेलं फेटलेलं वर ब्रशनं अगदी टोकापर्यंत लावायचं. भट्टी १४०-१५० च्या वर नेऊ नका, पांढरा रंग पांढराच राहिला पाहिजे. दालचिनी सिलोनची घ्या, साध्या कासिया जातीच्या दालचिनीत कुमारीन हा यकृताला त्रासदायक घटक जास्त असतो, २००६ मधे इथल्या सरकारी संस्थेनं याच कुकीजवरून लोकांना सावध केलं होतं. इंडियन दुकानातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कासियाच असते.

साच्यांबद्दल थोडक्यात. पातळ पत्र्याचे स्वस्त आउसश्टेशर गंजतात, डिशवॉशरमधे घालू नका, स्टीलचे थोडे महाग पण टिकतात. आकार साधा घ्या, चांदणी, हृदय, गोल. हरणाचे पाय आणि शिंगं हमखास तुटतात. या श्वाबेन भागात श्प्रिंगर्ले नावाच्या कुकीज करतात, कोरलेल्या लाकडी ठशानं दाबून, मग २४ तास वाळवून भाजायच्या, वरची नक्षी जशीच्या तशी राहते आणि खाली फुगून पायांसारखी छोटी कड येते. ठसा महाग असतो, पण नाताळच्या बाजारात हातात घेऊन बघा, खोल कोरीव असेल तरच घ्या, उथळ नक्षी भाजल्यावर दिसत नाही.

आयसिंग वाळायला रात्रभर द्या, पंख्याखाली किंवा इथं हीटर असलेल्या कोरड्या खोलीत. मुंबई-गोव्याकडच्या मैत्रिणींना दमट हवेत जास्त वेळ लागेल, पण म्हणून फ्रिजमधे ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि रंग एकमेकांत उतरतात. डब्यात थराथरात बेकिंग पेपर घाला, जॅमवाल्या वेगळ्या डब्यात ठेवा नाहीतर बाकीच्या कुरकुरीत कुकीज मऊ पडतात. आणि सुट्टीत भारतात न्यायच्या असतील तर चॉकलेटवाल्या नेऊ नका, हागेलत्सुकरवाल्या आणि बिनचॉकलेटच्या सोऱ्याच्या कुकीज न्या, पत्र्याच्या डब्यात घट्ट भरून, हातातल्या बॅगेत.